पी ०.०३४ की ०.०६८? एकतर्फी-दुतर्फी ठरवण्याआधी शेतातली जोडी बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या दहा शेतकऱ्यांकडे तुम्ही प्रत्येकी दोन गुंठे घेतले. एका गुंठ्यात नेहमीची भात लावण, शेजारच्या गुंठ्यात दोरी धरून ओळीत लावण. रोप तेच, खत तेच, बांधही तोच. मळणीनंतर वजनं घेतली आणि एक्सेलमध्ये टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी चाचणी) लावली, तर दोन पी (मुळात फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) दिसले: ‘वन-टेल’ म्हणजे एकतर्फीसमोर ०.०३४ आणि ‘टू-टेल’ म्हणजे दुतर्फीसमोर ०.०६८. गाईड म्हणाले वन-टेलचा लिहून टाका. मैत्रिणीने तेच आकडे ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये घातले तर ०.०७१ आला, आणि ती म्हणते व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, अडकशील. तुम्ही विचारता, यातला खरा पी कुठला?

टेस्ट जशी लावली तशी धरली तर तिन्ही आकडे बरोबर आहेत. सॉफ्टवेअर कुठेच चुकलेलं नाही. तीन वेगळे प्रश्न विचारले गेले आणि तीन उत्तरं आली. पण तुमचा तक्ता बघितल्यावर मला वाटतं, खरी अडचण एकतर्फी-दुतर्फीच्या आधीच आहे. तिच्याकडे येतो, पण आधी विचारलंय त्याचं उत्तर देतो, कारण तेही नीट समजायला हवं.

वर्गात मी हे कुंद्याच्या, म्हणजे आपल्या खव्याच्या मिठाईच्या, डब्यावरून सांगायचो. अर्ध्या किलोचा डबा, वर छापलंय ५०० ग्रॅम. वजनमापवाला निरीक्षक दुकानात येतो, वीस डबे उचलतो, तोलतो. त्याला एकच बघायचं असतं, गिऱ्हाइकाला कमी माल जातोय का? सरासरी ५१० भरली तर तो काही बोलणार नाही, ५०० भरली तरी नाही. त्याच्या दृष्टीने ‘जास्त’ आणि ‘बरोबर’ दोन्ही एकच, कारण दोन्ही वेळा तो पुढच्या दुकानात जाणार. त्याची टेस्ट एकतर्फी आहे. आता तेच वीस डबे दुकानाच्या मालकाने तोलले. कमी भरलं तर दंड आणि नाव खराब, जास्त भरलं तर रोजचा खवा फुकट जातो. त्याला दोन्हीकडची चूक पकडायची आहे, म्हणून त्याची टेस्ट दुतर्फी. डबे तेच, वजनं तीच, टी (फरक आकड्यांतल्या गोंगाटाच्या किती पट आहे ते सांगणारा, टेस्टमधला आकडा) सुद्धा तोच. पी मात्र वेगळा, कारण विचारणारा वेगळा.

तेव्हा बाजू ठरते ती प्रश्नातून, आणि तीही आकडे हातात येण्याच्या आधी. मी स्वतःला एक गोष्ट विचारतो: निकाल उलट्या दिशेने आला असता, तर मी जे केलं असतं ते ‘काहीच फरक नाही’ आल्यावर केलं असतं त्यापेक्षा वेगळं असतं का? वेगळं असेल तर दुतर्फी. तुमच्याच बाबतीत बघा. ओळीत लावण करून उत्पन्न चार किलोने घटलं असतं, तर तुम्ही ते प्रबंधात लिहिलं असतं की नाही? नक्की लिहिलं असतं. शेतकऱ्याला सांगितलं असतं की बाबा, जास्त मजुरी घालून हे करू नका. म्हणजे उलटी दिशाही तुमच्या दृष्टीने बातमीच होती. म्हणून तुमच्यासाठी दुतर्फी योग्य. सिनॉप्सिसमध्ये आधीच ‘उत्पन्न वाढते का एवढेच तपासू’ असं लिहून मंजूर झालं असेल तर गोष्ट थोडी वेगळी, तेवढं मात्र तुमच्या कागदावर अवलंबून आहे.

आकडे बघून मग बाजू निवडली तर काय बिघडतं? पाच टक्क्यांची मर्यादा (पी ०.०५ च्या खाली असेल तरच फरक मानायचा) म्हणजे मुळात काही फरक नसताना शंभरात पाच वेळा आपण ‘फरक आहे’ म्हणून फसू, इतकी सूट आपण स्वतःला दिलेली असते. सरासरी जिकडे झुकली तिकडची एकतर्फी घेतली, तर डावीकडचे पाच आणि उजवीकडचे पाच असे दोन्ही आपल्या पदरात पडतात. लिहिताना पाच टक्के लिहितो आणि प्रत्यक्षात दहा टक्के वापरतो. व्हायव्हात बाहेरून आलेला परीक्षक नेमकं हेच विचारेल, ‘एकतर्फी कधी ठरवलं?’, आणि त्याचं उत्तर तारखेनिशी द्यावं लागेल. औषधांच्या चाचण्यांचे आंतरराष्ट्रीय नियम तर एकतर्फी टेस्ट घ्यायची असेल तर मर्यादाच निम्मी, म्हणजे अडीच टक्के ठेवायला सांगतात, म्हणजे बाजू बदलून कोणाचा फायदा होऊ नये.

आता सॉफ्टवेअरकडे. एक्सेलचं ते ‘पी(टी<=टी) वन-टेल’ हे लेबल फार फसवं आहे, आणि इथे मला थोडं थांबायचंय. तुमची अपेक्षा वाढीची होती की घटीची, हे तुम्ही एक्सेलला कुठेच सांगत नाही. त्यासाठी रकानाच नाही. मग ते काय करतं? टीची अधिक-उणे खूण बाजूला ठेवतं आणि त्या आकड्याच्या पलीकडे टोकाला उरलेला भाग देतं. निकाल तुमच्या बाजूने लागो की विरुद्ध, वन-टेलचा आकडा तितकाच लहान दिसतो.

याचा फटका बसता बसता राहिलेला मी बघितलाय. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका छोट्या फौंड्रीने मला बोलावलं होतं. मोल्डिंगच्या वाळूत घालायचं बेंटोनाइट (वाळू घट्ट धरून ठेवणारी माती) दुसऱ्या पुरवठादाराकडून घ्यायचं चाललं होतं, थोडं स्वस्त आणि म्हणे जास्त ताकदीचं. जुन्या वाळूचे बारा नमुने, नव्या वाळूचे बारा. मी पोचलो तेव्हा टेबलावर एक्सेलची प्रिंट पडली होती, वन-टेलच्या ०.०१९ भोवती लाल पेनने गोल केलेला, आणि एक ट्रक मागवायचं जवळजवळ ठरलेलं. टी होता अधिक २.२. मी पानावर वर सरकून सरासरीची ओळ बघितली. पहिल्या रकान्यात जुनी वाळू, १.२४. दुसऱ्यात नवी, १.१३. ताकद घटली होती, आणि घट खरी असावी असं तो पी सांगत होता. जुनी वाळू पहिल्या रकान्यात असल्यामुळे टी अधिक आला आणि अधिक म्हणजे चांगलं असं सगळ्यांनी धरलं. ट्रक मागवायचा फोन थांबला. पण त्या दिवसापासून माझी सवय झाली: पीकडे बघायच्या आधी दोन्ही सरासऱ्यांवर बोट ठेवायचं आणि तोंडाने म्हणायचं, ‘कुठली जास्त आहे, आणि मला कुठली जास्त हवी होती?’

बाकीच्या सॉफ्टवेअरांचं थोडक्यात सांगतो. एसपीएसएस पूर्वी फक्त दुतर्फी पी दाखवायचं, २८व्या आवृत्तीपासून ‘वन-साइडेड’ आणि ‘टू-साइडेड’ असे दोन्ही रकाने येतात. तिथेही वन-साइडेड म्हणजे टू-साइडेडचा निम्मा, दिशा तुम्हीच बघायची. स्टाटा तीन पी ओळीने मांडतं, डावीकडे ‘फरक शून्यापेक्षा कमी’, मध्ये दुतर्फी, उजवीकडे ‘शून्यापेक्षा जास्त’. मला ही मांडणी सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण डावा आणि उजवा मिळून एक होतात हे डोळ्यांसमोर दिसतं. आरमध्ये काही सांगितलं नाही तर दुतर्फीच येते, आणि एकतर्फी हवी तर ‘ग्रेटर’ किंवा ‘लेस’ असं लिहून द्यावं लागतं. तिथे एक खाचखळगा आहे. गटांची नावं तुम्ही इंग्रजी अक्षरांत ‘जुनी’ आणि ‘नवी’ अशी दिली, तर आर वर्णक्रमाने जुनी आधी घेतं आणि जुनीतून नवी वजा करतं. तुम्ही ‘ग्रेटर’ लिहिलंत की प्रश्न होतो ‘जुनी जास्त आहे का?’ आणि तुमच्या आकड्यांवर पी येईल ०.९६४ (मैत्रिणीच्या ०.०७१ चा निम्मा एकातून वजा). घाबरू नका, तो उलट्या टोकाचा आहे.

यातूनच ‘दुतर्फीला दोनने भागा की झालं’ या नियमाची मर्यादाही कळते. फरक अपेक्षेच्या दिशेने असेल तेव्हाच निम्मा. विरुद्ध दिशेने असेल तर एकातून तो निम्मा वजा करायचा, म्हणजे ०.०६८ चा ०.०३४ होत नाही, ०.९६६ होतो.

मैत्रिणीचा ०.०७१ वेगळ्या कारणाने आला. एक्सेलमध्ये तुम्ही दोन्ही गटांची चढउतार सारखी धरणारी टेस्ट निवडली, आर आपणहून वेल्चची टेस्ट घेतं, जी तसं धरत नाही. एसपीएसएसमध्ये हे दोन्ही एकाखाली एक दोन ओळींत येतात. तुमच्या आकड्यांत जुन्या लावणीचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ५.२ आणि ओळीतल्या लावणीचं ३.१ आहे, म्हणून किंचित फरक पडला. दोन सुटे गट असतील तेव्हा मी स्वतः वेल्चच वापरतो.

पण तुमचे गट सुटे आहेत का? तुम्ही दिलेला तक्ता मी इथे पुन्हा मांडतो, किलोमध्ये, शेतकऱ्यांच्या क्रमाने. नेहमीची लावण: ४२, ५५, ४७, ५०, ४४, ५२, ४६, ४१, ५६, ४९. ओळीतली लावण: ५०, ५७, ५२, ४९, ५०, ५५, ५०, ४८, ५६, ५२. पहिल्याची सरासरी ४८.२, दुसऱ्याची ५१.९, फरक ३.७ किलो गुंठ्याला.

यातला पहिला ४२ आणि पहिला ५० एकाच माणसाच्या शेतातले आहेत. एकाच बांधाआडचे, एकाच पाण्यावरचे, तण काढणारे हातही तेच. तुम्ही मात्र एक्सेलला सांगितलंत की हे वीस गुंठे एकमेकांना ओळखतही नाहीत. खानापूर तालुका काही एकसारखा नाही. जांबोटीकडचा पाऊस आणि बिडीकडचा पाऊस यांत किती अंतर आहे ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त भिजून पाहिलंय. एका शेतात ४१ आणि दुसऱ्यात ५६, हा पंधरा किलोचा फरक लावणीचा नाही, तो जमिनीचा आणि पाण्याचा आहे. सुट्या गटांची टेस्ट हा सगळा फरक गोंगाट म्हणून मोजते, आणि त्या गोंगाटात तुमचे ३.७ किलो बुडतात.

जोडीची टेस्ट प्रत्येक शेतकऱ्यामागे फक्त एक आकडा घेते, ओळीतली वजा नेहमीची. तुमचे दहा आकडे असे: ८, २, ५, उणे १, ६, ३, ४, ७, ०, ३. जमिनीचा फरक दोन्ही गुंठ्यांत सारखाच असल्यामुळे वजाबाकीत निघून गेला. या दहांची सरासरी ३.७ च, पण प्रमाण विचलन फक्त २.९. टी येतो ४.०२, डीएफ (‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’, इथे दहा जोड्या वजा एक) ९, आणि दुतर्फी पी ०.००३. एक्सेलमध्ये हे ‘पेअर्ड टू सॅम्पल फॉर मीन्स’ या नावाने मिळेल. फक्त एकाच शेतकऱ्याचे दोन आकडे एकाच ओळीत आहेत याची खात्री करा. कुणी मध्येच एक रकाना चढत्या क्रमाने लावून ठेवला असेल तर जोड्या मोडतात आणि एक्सेल तक्रार करत नाही.

एकतर्फी की दुतर्फी हा वादच इथे संपतो. कठोर, दुतर्फी टेस्टनेही तुमचा निकाल स्पष्ट उभा राहतो.

एक शंका तुमच्या मनात येईल, यायलाही हवी. पी लहान येतो म्हणून मी टेस्ट बदलायला सांगतोय का? मग गाईडच्या सल्ल्यात आणि माझ्यात काय फरक? फरक हा, की जोडी मी आत्ता बांधलेली नाही. ती तुम्ही जून-जुलैत शेतात उभं राहून बांधली, एकाच शिवारात शेजारी-शेजारी गुंठे आखून. प्रयोग जसा केला तशीच टेस्ट लागते. जोडीने पी ०.२ आला असता तरी मी जोडीचाच लिहा म्हटलं असतं.

ही टेस्ट जन्मली तीच मुळी अशा जोड्यांतून. १९०८ साली डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने तो लेख छापला. त्यात झोपेच्या दोन औषधांचे दहा रुग्णांवरचे आकडे होते, प्रत्येक रुग्णाला दोन्ही औषधं. आरमध्ये तो तक्ता आजही ‘स्लीप’ नावाने बसवलेला मिळतो. सुटे गट धरून चालवा, दुतर्फी पी येतो ०.०७९. जोडीने चालवा, ०.००३. तुमच्या भातासारखाच. विद्यार्थ्यांनी एकदा तरी हे स्वतः चालवून बघावं असं मला मनापासून वाटतं, कारण पुस्तकातल्या दहा पानांनी जे कळत नाही ते या दोन ओळींनी कळतं. गाईडशी बोलतानाही हाच तक्ता पुढे ठेवा. ‘सर, तुम्ही चुकलात’ म्हणायची काही गरज नाही. ‘सर, माझं डिझाइन पेअर्ड आहे, म्हणून पेअर्ड लावून बघितलं’ एवढंच म्हणा. ते कन्नडमध्ये समजावतात, प्रबंध इंग्रजीत लिहायचा आणि आपण विचार मराठीत करतो, त्यात ‘पेअर्ड’ हा एक शब्द कुठेतरी गळून जाणं अगदी शक्य आहे.

पीवर थांबू नका. जोडीच्या टेस्टने ९५ टक्क्यांची विश्वास-मर्यादा, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा, १.६ ते ५.८ किलो येते. शेतकऱ्याला उपयोग आहे तो या आकड्यांचा. गुंठ्याला ३.७ म्हणजे एकराला साधारण दीड क्विंटल, पण तो फायदा ६४ किलोइतका लहानही असू शकतो आणि २३० किलोइतका मोठाही. दोरी धरायला जास्तीची माणसं लागतात, त्यांची मजुरी या खालच्या आकड्यातून निघते का, हे तुमच्या प्रबंधात एका परिच्छेदात आलं पाहिजे. एकतर्फी टेस्ट घेतली असती तर आरने वरची मर्यादा ‘इन्फ’, म्हणजे अनंत, अशी दाखवली असती, आणि ती घेऊन शेतकऱ्यापुढे काय उभं राहायचं?

तक्त्यात अजून एक गोष्ट मला दिसली. जिथे मूळ उत्पन्न ४१-४२ आहे तिथे वाढ ७-८ किलोची, आणि ५५-५६ च्या शेतांत २ किंवा शून्य. हलक्या शेतांना ओळीतल्या लावणीचा जास्त फायदा होतो असं लिहायचा मोह होईल. आत्ता लिहू नका. ज्या गुंठ्यात नेहमीच्या लावणीचं वजन योगायोगाने कमी भरलं, तिथे वजाबाकी आपोआप मोठी दिसते, त्यामुळे दहा शेतांवरून हे दोन्ही वेगळे करता येत नाहीत. ‘पुढे तपासण्याजोगे’ म्हणून नोंदवा.

प्रबंधात वाक्य साधारण असं ठेवा: ‘दहा शेतांवर जोडीने घेतलेल्या गुंठ्यांत ओळीतील लावणीचे उत्पन्न सरासरी ३.७ किलोने जास्त मिळाले (९५% विश्वास-मर्यादा १.६ ते ५.८; जोडीची टी-टेस्ट, दुतर्फी, टी = ४.०२, डीएफ = ९, पी = ०.००३).’ कुठली टेस्ट, किती बाजूंची, हे त्याच वाक्यात असलं की पुढच्या वाचणाऱ्याला विचारावं लागत नाही.

हे सगळं मात्र दोन गोष्टींवर टेकलेलं आहे, आणि त्या तुम्ही सांगितलेल्या नाहीत. वजनं मळणीच्या दिवशीच घेतली की धान्य वाळवून? एका गुंठ्याचं भात परतीच्या पावसात भिजलेलं आणि दुसऱ्याचं दोन दिवस उन्हात पडलेलं असेल, तर दोन-तीन किलो ओलाव्यातच जातात. आणि प्रत्येक शेतात कुठल्या गुंठ्यात ओळीत लावायचं, हे कसं ठरवलं? नाणं उडवून, चिठ्ठी टाकून, की शेतकऱ्याने दाखवलं तिथे? आपला माणूस पाहुण्याला चांगलं ताट वाढतो, तसा नव्या प्रयोगाला पाणी लागलेला, वाटेजवळचा गुंठा देतो. दहापैकी आठ ठिकाणी तसं झालं असेल तर ते ३.७ किलो लावणीचे की जागेचे, हे कुठलीच टेस्ट सांगू शकणार नाही. लावणीच्या दिवसांची तुमची वही असेल, त्यात प्रत्येक शेताचा कच्चा नकाशा काढलेला असेल, तर आधी तो काढा आणि दहाही ठिकाणी ओळीतला गुंठा पाण्याच्या कुठल्या अंगाला आहे ते लिहून कळवा.